पौंडांच्या गावी रुपयाचा हिशेब

परदेशप्रवास ही आता केवळ श्रीमंतांची मिरासदारी राहिलेली नाही. आपल्या वस्त्यांतील मुले-मुली महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर सातासमुद्रापार शिकावयास जाऊ लागली आहेत आणि त्यांच्या पदवीदान समारंभास आई-वडीलही जाऊ लागले आहेत. व्हिसा, विमानाचे तिकीट, बरोबर न्यावयाची चटणी-लोणची या सर्वांची चर्चा घरी महिनाभर आधी होते. परंतु तेथे गेल्यावर पैसे कशाने खर्च करावयाचे, हा प्रश्न मात्र निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंत कोणाला सुचत नाही. कष्टाने साठविलेल्या पैशाला नेमकी येथेच गळती लागते.

२०२५ च्या जुलै महिन्यात पुतणीच्या पदवीदानासाठी दादा, वहिनी आणि मी असे तिघे दहा दिवस लंडनला जाऊन आलो. खर्च दादांच्या निवृत्तीच्या पैशातून होता. घरात बी.कॉम. झालेला कारकून असला की हिशेबाची वही त्याच्याच हाती येते! म्हणून निघण्यापूर्वी महिनाभर मी तीन बँकांच्या पायऱ्या चढलो आणि प्रत्येक ठिकाणी शुल्काचा लेखी तक्ता मागून घेतला.

पहिली गोष्ट अशी कळली की, बचत खात्याबरोबर मिळालेले साधे रुपे कार्ड बहुधा देशातच चालते. दुसरी गोष्ट, कार्ड परदेशात चालण्याजोगे असले तरी ते आपणहून सुरू करावे लागते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार नवे कार्ड केवळ देशातील वापरासाठी चालू असते. परदेशातील वापर आणि त्याची मर्यादा खातेदाराने ठरवावयाची असते. हे बंधन आपल्या संरक्षणासाठी आहे. आम्ही निघण्याच्या दिवशी वापर सुरू केला, रोजची मर्यादा बेताची ठेवली आणि परत आल्यावर तो बंद केला.

आता खरा मुद्दा शुल्काचा. परदेशात कार्डाने पैसे दिले की बँक त्या दिवसाच्या दराने पौंडाचे रुपये करते आणि त्यावर स्वतःचा अधिभार लावते. बँकेच्या भाषेत याला मार्कअप म्हणतात. अनेक कार्डांवर तो साडेतीन टक्के असतो आणि त्या अधिभारावर पुन्हा अठरा टक्के वस्तू व सेवा कर. सोप्या गणितासाठी पौंड १२० रुपयांचा धरू. शंभर पौंडांचे झाले १२,००० रुपये. त्यावर अधिभार ४२० रुपये आणि कर ७५ रुपये ६० पैसे. म्हणजे ४९५ रुपये ६० पैसे जादा. हजार पौंड खर्च झाले तर जवळजवळ पाच हजार रुपये असेच गेले! अधिभार दोन टक्के असेल तर शंभर पौंडांमागे जादा रक्कम २८३ रुपये २० पैसे होते. काही बँका मात्र हा अधिभार अजिबात न लावणारी कार्डेही देतात. तेथे वार्षिक वर्गणी किती आणि एटीएमचे शुल्क किती, एवढे पाहिले म्हणजे झाले.

तिसरा प्रकार आगाऊ पैसे भरावयाच्या फॉरेक्स कार्डाचा. निघण्यापूर्वीच पौंड विकत घेऊन त्यात भरून ठेवायचे. फायदा असा की दर त्याच दिवशी निश्चित होतो आणि कार्ड हरवले तरी आपल्या बचत खात्याला धक्का लागत नाही. परंतु कार्ड देण्याचे शुल्क, पुन्हा पैसे भरण्याचे शुल्क, शिल्लक पौंड परत करताना मिळणारा कमी दर, हे सर्व विचारून घ्यावे. पौंडांचे कार्ड युरोच्या देशात वापरले तर आणखी वेगळा आकार पडतो. ‘शून्य कमिशन’ अशी पाटी लावणाऱ्याकडेही विचारावे, की अमुक रुपये दिल्यास माझ्या हाती नेमके किती पौंड पडतील? कमिशन नसले तरी नफा दरात असतोच.

वहिनींनी विचारले, “भाऊजी, एकच कार्ड नेलं आणि तेच हरवलं तर?” प्रश्न अगदी रास्त होता. म्हणून दादांकडे आणि माझ्याकडे अधिभार नसलेले प्रत्येकी एक डेबिट कार्ड, वहिनींकडे थोडे पौंड भरलेले फॉरेक्स कार्ड आणि तिघांत मिळून शंभर पौंडांच्या नोटा, अशी विभागणी केली.

या विभागणीचा उपयोग लंडनला उतरल्याबरोबर झाला. तेथील भुयारी रेल्वेत तिकिटाच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. फाटकावरील पिवळ्या गोल खुणेवर बँकेचे कार्ड टेकवायचे आणि उतरल्यावर तेच कार्ड पुन्हा टेकवायचे. दिवसभराचे भाडे ठराविक मर्यादेपुढे जात नाही. मात्र माणशी एक कार्ड लागते; एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. बसमध्ये तर २०१४ पासून रोख पैसे चालतच नाहीत. आम्ही गेलो तेव्हा बसचे भाडे पावणेदोन पौंड होते आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी बस धरली तर तिचे भाडे पडत नव्हते. तिसऱ्या दिवशी वहिनी स्वतः पुढे होऊन कार्ड टेकवू लागल्या, हे पाहून पुतणीला फार मौज वाटली.

ब्रिटिश संग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे. तेथील दानपेट्यांजवळही कार्ड टेकवण्याची सोय आहे! जवळच एका दुकानात भेटवस्तू घेतल्या, तेव्हा विक्रेत्याने यंत्र पुढे केले. पडद्यावर दोन पर्याय आले : रक्कम पौंडात घ्यावी की रुपयांत? रुपये पाहून आपल्याला घरचा माणूस भेटल्यासारखे वाटते. विक्रेताही “रुपयांत घ्या, सोपे पडेल” असे म्हणत होता. मी पौंडाचे बटण दाबले. रुपये निवडले की दर ठरविण्याचा अधिकार त्या यंत्रामागच्या कंपनीकडे जातो आणि तिचा दर बहुधा महाग असतो. अधिभार नसलेले कार्डही तेथे आपल्याला वाचवू शकत नाही. म्हणून ज्या देशात आहोत त्याच देशाचे चलन निवडावे. एटीएमवरही हाच नियम.

एटीएमचे गणितही ध्यानात घ्यावे. लंडनमध्ये मोठ्या बँकांच्या भिंतीतील यंत्रे बहुधा शुल्क घेत नाहीत. लहान दुकानांत ठेवलेली काही यंत्रे घेतात आणि तसे पडद्यावर सांगतात. परंतु आपली बँक वेगळे शुल्क लावू शकते. समजा ते दीडशे रुपये आहे. करासह झाले १७७. वीस पौंड काढले, म्हणजे २,४०० रुपये, तर शंभरामागे सात रुपयांहून अधिक गेले. दोनशे पौंड एकदम काढले तर शंभरामागे पाऊण रुपयाच जातो. म्हणून थोडे थोडे पैसे काढू नयेत. आम्ही तर काढलेच नाहीत. सोबतच्या नोटा साउथॉलमधील भाजी आणि चहासमोशांना पुरल्या. आणि क्रेडिट कार्डावर रोख रक्कम चुकूनही काढू नये. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होते.

एके दिवशी सकाळी नॉर्दर्न लाइनने चॉक फार्म स्थानकावर उतरलो. रेल्वेवरचा पूल ओलांडला की थोड्या अंतरावर किंग हेन्रीज रोड लागतो. त्या रस्त्यावरील दहा क्रमांकाच्या घरात १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहत होते. महाराष्ट्र शासनाने हे घर २०१५ साली विकत घेतले आणि आता तेथे संग्रहालय आहे. दादा बराच वेळ दारावरील निळ्या फलकाकडे पाहत उभे राहिले.

आपण ज्या विनिमय दराचा हिशेब करीत होतो, तो विषय बाबासाहेबांनी याच शहरात अभ्यासला. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनला ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्या काळात रुपयाचे काय झाले होते? १९२० साली सरकारने रुपया दोन शिलिंगांचा ठरविला. म्हणजे दहा रुपयांना एक पौंड. परंतु बाजारात तो टिकला नाही आणि १९२१ मध्ये एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास घसरला. म्हणजे पौंडाला सुमारे पंधरा रुपये. मुंबईहून पैसे मागविणाऱ्या विद्यार्थ्याला तेवढ्याच रुपयांत कमी पौंड मिळू लागले. बाबासाहेब तर साठविलेली पुंजी, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडील कर्ज यांवर तेथे शिकत होते. दराच्या एका आकड्याने गरिबाच्या ताटातील किती भाकरी कमी होते, हे त्यांना पुस्तकाबाहेरही ठाऊक असणार. रुपयाचा दर हा आपल्यासारख्यांचा विषय नव्हे, असे मग कोणत्या तोंडाने म्हणावे?

म्हणून ज्या घरांतून कोणी परदेशी निघणार असेल, त्यांनी बँकेत जाऊन चार प्रश्न अवश्य विचारावेत. परकीय चलनावर अधिभार किती? एटीएममधून पैसे काढल्यास प्रत्येक वेळी शुल्क किती? कार्डाची वार्षिक वर्गणी किती? कार्ड हरवल्यास परदेशातून कोणत्या क्रमांकावर कळवावयाचे? उत्तरे लिहून घ्यावीत आणि तो कागद कार्डापासून वेगळा ठेवावा. बँकेचे संदेश ज्या मोबाईलवर येतात, तो क्रमांक परदेशात चालू राहील याचीही व्यवस्था करावी.

आमच्या खर्चात कार्डांवर मिळून जेवढा अधिभार वाचला, तेवढ्यात पुतणीसाठी दोन संदर्भग्रंथ घेता आले. ते वहिनींनी तिच्या हाती दिले. काटकसर केवळ स्वयंपाकघरातच करावयाची नसते. बँकेच्या खिडकीपाशीही ती करता येते, आणि तेथे प्रश्न विचारण्यास पैसे पडत नाहीत.