मुलामा

नोकरीसाठी स्टुटगार्टला आलो, त्या पहिल्या हिवाळ्यात जुन्या बाजारातून पत्र्याचं एक इंजिन घेतलं. चावीचं, ओ गेजचं; म्हणजे दोन रुळांत ३२ मिलिमीटर अंतर. इथून जवळच ग्योपिंगेन आहे. तिथल्या मेर्कलिनने १८९१ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत, रूळ जोडून वाढवता येईल अशी खेळण्यातली रेल्वे मांडली होती. माझं इंजिन तितकं जुनं नाही.

हा पत्रा म्हणजे लोखंडावर कथलाचा पातळ थर. आपण पातेल्याला कल्हई करतो, तसाच. बाजूच्या दांड्या पितळी, वर निकेलचा मुलामा. त्या काळवंडल्या होत्या. दर दिवाळीला आजीसोबत चिंच लावून देव घासलेला मी. पॉलिश आणलं आणि तासभर घासत बसलो. चकाकी आली, पण पिवळी. निकेल फडक्यावर उतरलं होतं.

कोडमध्ये चुकलं तर मागच्या कमिटवर जाता येतं. इथे नाही.

आता सुती हातमोजे घालूनच ते उचलतो, कारण घामातलं मीठ मुलाम्याला खातं. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटकतो. बस्स.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, "आजीच्या बाळकृष्णाचं नाक आठवतंय ना? घासून घासूनच सपाट झालंय ते."

बाळकृष्ण भरीव पितळेचा, म्हणून आजीची माया पन्नास वर्षं सोसू शकला. माझ्या इंजिनाला माझा एक तासही झेपला नाही.