डाव्या पायाची स्मृती

साताऱ्याच्या परिवहन कार्यालयाच्या पटांगणात आठाच्या आकड्यावर गाडी फिरवून दाखविण्यासाठी वीस-बावीस तरुणांच्या रांगेत मी उभा होतो. वय वर्षे चौसष्ट. उभ्या जन्मात हजारो मुलांच्या परीक्षा घेतल्या. परंतु परीक्षार्थी म्हणून रांगेत उभे राहण्याचा योग मॅट्रिकनंतर फारसा आला नव्हता. माझ्या पुढच्या मुलाने मागे वळून मोठ्या अदबीने विचारले, "आजोबा, नातवाबरोबर आलात का?" मी म्हणालो, "नाही बाळ, मी माझ्याचसाठी आलो आहे." त्याच्या मुद्रेवरील आश्चर्य पाहून मला संकोच वाटला, आणि खरे सांगावयाचे तर किंचित अभिमानही वाटला. तो अभिमान धरण्याचा अधिकार मला कितपत होता, हे पुढील हकीकतीवरून वाचकांनीच ठरवावे.

१९८२ साली मी एक जुनी बुलेट विकत घेतली होती. ही फटफटी मूळची इंग्लंडातील; तिच्या बांधणीसाठी १९५५ साली मद्रासेस कंपनी निघाली आणि पुढे ती या देशाचीच होऊन गेली. माझी गाडी सुरू करणे म्हणजे एक विधीच असे. डाव्या हाताजवळची लहान कळ दाबून सिलिंडरातील दाब सोडावयाचा, किक हळूहळू खाली नेत विजेच्या प्रवाहाचा काटा मध्यावर आणावयाचा, मग कळ सोडून साऱ्या देहाचा भार टाकून एकच किक मारावयाची. क्रम चुकला तर किक उलटून असा तडाखा देई की, पोटरी चार दिवस काळीनिळी राही. गिअर उजव्या पायाशी असत. पहिला वर, उरलेले तीन खाली. ब्रेक डाव्या पायाशी. अकरा वर्षे मी ती गाडी चालविली आणि वाई परिसरातील खाचखळगे मला तोंडपाठ झाले.

१९९३ च्या मार्गशीर्षात पाचगणीहून परतत असता पसरणी घाटातील एका वळणावर आम्ही पडलो. आम्ही म्हणजे मी आणि मागे बसलेली आमची सौभाग्यवती. रस्त्यावर बारीक खडी सांडलेली होती. मी डावा पाय सर्व जोरानिशी दाबला, मागचे चाक जागीच अडकले आणि गाडी आडवी घसरत गेली. माझे गुडघे फुटले, एवढेच. हिचे मात्र डावे मनगट मोडले. हाड सांधले ते किंचित वाकडे सांधले. पोळ्या लाटताना ते मनगट अजून ठणकते. "खडीने घात केला," असे मी भेटेल त्यास सांगितले, आणि सर्वांनी ते मानले. महिन्याभरात मी गाडी विकून टाकली. त्यानंतर तीस वर्षे आमच्या घरी त्या गाडीचा विषय निघाला नाही.

गेल्या वर्षी चिरंजीवांनी नवी बुलेट घेतली. अंगणात ती उभी राहिली तेव्हा मी वर्तमानपत्र वाचण्याचा बहाणा करीत ओसरीवर बसलो होतो. पण वाचलेली एकही ओळ मनात उतरली नाही. आठ दिवसांनी जेवताना मी सहज म्हटल्यासारखे म्हटले की, धोमची दोन मुले संस्कृत शिकावयास उत्सुक आहेत, एस. टी.च्या वेळा जमत नाहीत, तेव्हा गाडीची सवय पुन्हा केलेली बरी. सूनबाईंनी चिरंजीवांकडे पाहिले. सौ. ताक वाढीत होती. ती शांतपणे म्हणाली, "कारणे कशाला सांगता? हौस आहे म्हणा." मी मान खाली घालून "हौस आहे" असे कबूल केले. "मग रीतसर शिका," एवढेच ती म्हणाली.

रीतसर शिकणे कायद्यानेही भागच होते. परवान्याची मुदत संपून एक वर्षाहून अधिक काळ लोटला असेल तर नव्याने परीक्षा द्यावी लागते, असा २०१९ च्या दुरुस्तीपासूनचा नियम आहे. त्याखेरीज वैद्यकीय प्रमाणपत्र हवे. आणि पंचावन्नाच्या पुढील माणसास परवाना मिळतो तो एका वेळी पाच वर्षांपुरताच. प्रथम मला हे नियम जाचक वाटले. आता वाटते की, ते करणाऱ्याने मनुष्यस्वभाव चांगला जाणला असावा.

शाळेच्या रिकाम्या मैदानावर माझे शिक्षण सुरू झाले, शिक्षक चिरंजीव. नव्या गाडीचे रूप थेट जुन्या गाडीसारखे. परंतु अंतरंग पालटलेले. बटण दाबताच ती सुरू होते. गिअर आता डाव्या पायाशी, पहिला खाली आणि बाकीचे वर. ब्रेक उजव्या पायाशी. म्हणजे बाजू बदलली आणि दिशाही बदलली. "ध्यानात राहील ना, बाबा?" असे चिरंजीवांनी विचारले. ज्याने पाणिनीची सूत्रे पाठ केली त्यास एवढे ध्यानात राहणार नाही काय, असे मला वाटले. दोन दिवस सारे ठीक चालले. तिसऱ्या दिवशी एक कुत्रे अकस्मात आडवे आले, आणि मी डावा पाय सर्व जोरानिशी दाबला. गाडी थांबली नाही. तिने खालचा गिअर घेतला, इंजिन ओरडले, मला जबर हिसका बसला. कुत्रे शहाणे म्हणून बाजूस झाले. पुढे चार हातांवर मैदानाची भिंत होती, तिच्यापाशी मी हातच्या ब्रेकने कसाबसा थांबलो. अंगाला घाम सुटला होता. तीस वर्षांपूर्वीचा तोच पाय, तीच जागा, तोच जोर!

पाठशाळेत असताना अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' मी पाठ केला होता. त्यात संस्कार तीन प्रकारचा सांगितला आहे : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग चालत्या पदार्थात असतो. भावना पूर्वीच्या अनुभवातून उत्पन्न होते व स्मृतीस कारण होते. आणि वाकविलेली वस्तू पूर्वीच्या स्थितीस येते ती स्थितिस्थापकामुळे. या तीन निराळ्या गोष्टींना एकच नाव का, हे मला मुलांस कधी नीट समजावून देता आले नाही. त्या दिवशी भिंतीजवळ उभा असता ते उमगले. एकदा जे दिले गेले ते आपली परवानगी न घेता पुढे चालू राहते, हा तिघांचाही धर्म आहे. माझी बुद्धी नवे शिकली होती. पाय मात्र १९९३ सालीच होता. ज्याने कधी गाडी चालविली नाही त्याचा पाय निदान रिकामा असतो. परतून येणाऱ्यास आधी जुने विसरावे लागते, आणि संकटाच्या क्षणी पहिल्याने उसळते ते जुनेच.

यानंतर मी मास्तर असल्याचे विसरलो. महिनाभर रोज पहाटे, गाडी न हलविता, नुसते बसून, डोळे मिटून उजवा पाय आणि उजवा हात एकदम दाबण्याचा घोष केला; लहानपणी शब्द-धातूंची रूपे घोकली तशी. शिकाऊ परवाना मिळाल्यावर मेणवलीच्या रस्त्यावर जाऊ लागलो. आणखीही जुनी विद्या टाकावी लागली. पुढचा ब्रेक धरला तर माणूस डोक्यावरून उलटतो, असे आम्हांस आमच्या काळी सांगत. वस्तुतः गाडी थांबू लागली की तिचा भार पुढे जातो, म्हणून थांबविण्याचे बहुतेक काम पुढचे चाकच करते. मागचे हलके होते आणि एकट्या मागच्या ब्रेकने सहज घसरते. आता १२५ सी. सी. वरील नव्या गाड्यांस चाक अडकू न देणारा ब्रेक २०१९ पासून सक्तीचा आहे. परंतु वळणावर वेग अधिक असेल तर तोही वाचवीत नाही. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदास ११ मीटर. पाय हलण्यापूर्वीच गाडी ओसरीची लांबी ओलांडते. वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यावर थांबावयास लागणारे अंतर चौपट होते. हे गणित मी स्वतः फळ्यावर लिहिलेले आहे. गाडीवर बसताना ते कधी आठवले नव्हते.

एक गंमतही सांगतो. समोरून येणाऱ्या प्रत्येक तरुणास मी हाताने खूण करीत असे की, बाबा रे, दिवसाढवळ्या तुझा दिवा जळतो आहे. चार दिवसांनी सूनबाईंनी हसू आवरीत सांगितले की, २०१७ पासून नव्या दुचाकींचे दिवे आपोआप सदैव चालू असतात. आणि मामंजींचाही जळतच असतो!

परीक्षेत उत्तीर्ण झालो. धोमच्या मुलांचे पाठ सुरू झाले. मग माघातल्या एका सकाळी सौ. पायरीवर येऊन म्हणाली, "पाचगणीस जाऊन येऊ." मी बराच वेळ काही बोललो नाही. दोघांनीही शिरस्त्राणे घातली आणि निघालो. घाट चढताना ती गप्प होती. परतताना त्या वळणाच्या थोडे अलीकडे तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थांबा जरा."

गाडी कडेस घेतली. खाली वाई, देवळांची शिखरे, कृष्णेचे वळण, सारे कोवळ्या उन्हात दिसत होते.

"त्या दिवशी या वळणाच्या आधी मी 'सावकाश' म्हटले होते," ती म्हणाली. "दोनदा म्हटले. ऐकू गेले नव्हते का हो?"

तीस वर्षे तिने हा प्रश्न विचारला नव्हता, आणि तीस वर्षे मी त्याचे उत्तर खडीवर लोटीत आलो होतो.

"गेले होते," मी म्हणालो.

"मग?"

"तू उगीच भितेस, असे वाटले."

"भीतच होते," ती म्हणाली. नंतर मनगटावरील बांगड्या मागे सारून तिने शिरस्त्राणाचा पट्टा पुन्हा आवळला. "चला आता. उन्हे चढतील."

मी खालचा गिअर घेतला आणि इंजिनाच्याच आधाराने गाडी हळूहळू उतरू दिली. अंधार पडल्यावर आणि पावसात गाडी काढावयाची नाही, हे दोन नियम मी त्याच दिवशी स्वतःस घालून घेतले. पाच वर्षांनी पुन्हा परवान्याचा प्रश्न येईल तेव्हा डोळे आणि हातपाय काय सांगतील, ते त्या वेळी निमूटपणे ऐकावयाचे. ऐकण्याची सवय मात्र आतापासूनच लावून घेतली पाहिजे. घाट उतरताना ती मागून काहीही म्हणाली, तरी मी मोठ्याने "होय" म्हणत होतो.