‘कर’ लागतो तो वेशीबाहेर

सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबच्या एसटी स्टँडावर नवखा माणूस उतरला, की चहाच्या आधी प्रश्न येतो : ‘पाव्हणं, आडनाव काय म्हणायचं?’ पाहुण्यानं ‘पाटील’ सांगून भागत नाही. लगेच दुसरा प्रश्न : ‘कुठलं पाटील?’

विचारणाऱ्याचं चुकत नाही. गाव तिथे पाटील, म्हणून महाराष्ट्रात पाटील उदंड. इंग्लंडमध्ये स्मिथ हे सर्वांत जास्त आढळणारं आडनाव, त्याचंही कारण हेच. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहाराच्या भात्यावाचून तिथल्या कुठल्या गावाचं चालणार? आपल्याकडे १९६२च्या कायद्यानं मुलकी पाटलाचं पद गेलं, सातबाऱ्यावरचं आडनाव मात्र राहिलं. अकलूजचे मोहिते-पाटील कुळाचं आणि पदाचं, दोन्ही नावं लावतात. कित्येक घरांत पहिलं नाव विसरलंच गेलं.

‘कर’ची गोष्ट वेगळी, आणि जास्त हळवी. मोडनिंबमध्येच राहणाऱ्याला मोडनिंबकर म्हणायचं कारण काय? आपल्या बांधावर तो शिंदे असतो, गायकवाड असतो. पूर्वी इथून बार्शी लाइटची नॅरोगेज गाडी जायची. एका बाजूला पंढरपूर, दुसऱ्या बाजूला कुर्डुवाडी. कुर्डुवाडीला गाडी बदलली की मुंबईची वाट मोकळी. तिथल्या चाळीत वळकटी टाकली, की शेजारी ओळखणार गावावरून. ‘कर’ चिकटतो तो असा, वेस ओलांडल्यावर. असं प्रत्येक आडनाव म्हणजे कुणीतरी एके दिवशी घर सोडल्याची नोंद आहे.

याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचं नाव बालसाहित्यात राजा मंगळवेढेकरांनी पोचवलं. अकलूजचं नाव संस्कृतचे अभ्यासक अशोक अकलूजकरांबरोबर कॅनडात, व्हँकुव्हरच्या विद्यापीठात गेलं. फलटणचे नाईक-निंबाळकर परंपरेनं मूळचे पवार. निंबळक गावावरून निंबाळकर झाले, आणि आता पवार म्हणून त्यांना कोण ओळखतं?

इंग्रजांचंही तसंच. इंग्लंडच्या उत्तरेला वॉशिंग्टन नावाचं छोटं गाव होतं. बाराव्या शतकात तिथं वस्तीला आलेल्या घराण्यानं गावाचं नाव घेतलं. पुढे त्यातला एक वंशज अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याच्या नावानं राजधानी वसली. गावाचं नाव माणसाला, माणसाचं पुन्हा गावाला.

हा फेरा मराठी आडनावानंही पुरा केला आहे. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे सकपाळांचं मूळ गाव. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या सकपाळांच्या एका मुलाचं नाव दाखल झालं, भिवा रामजी आंबेडकर, म्हणजे पुढचे बाबासाहेब. शाळेनं ते रजिस्टर जपून ठेवलंय आणि राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. १९९५ साली उत्तर प्रदेशात फैजाबादमधून नवा जिल्हा निघाला, त्याचं नाव आंबेडकर नगर. कोकणातल्या त्या वाडीपासून हे ठिकाण हजार किलोमीटरच्याही पलीकडे आहे.

प्रत्येक घराची नोंद अशी रजिस्टरात सापडत नाही. तेव्हा तुमच्या आडनावात गाव असेल, तर घरातली जाणती माणसं आहेत तोवर विचारून घ्या : गाव कुठल्या तालुक्यातलं, तिथून आधी कोण निघालं, आणि कशापायी.