पेरांतली सावली

भांगेचं झाड हर्बेरियमसाठी दाबायला घेतलं की आधी हाताला कळतं ते त्याचं खरखरीत पान. वरच्या अंगाला आखूड केस आणि त्यांच्या बुडाशी कॅल्शियम कार्बोनेटची बारीक कणी. वाळल्यावरही ती खरखर राहते. बाकी बरंच जातं. हिरवा रंग तपकिरी होतो, वास उडतो, नरफुलांचे लोंबते पाच पुंकेसर टिपकागदाला चिकटून बसतात.

पंचवीस वर्षं मी झाडं दाबते आहे. तरी अल्मोडा जिल्ह्यात फसले ती साध्या भांगेपाशी.

जुलै महिना होता. एका गोठ्यामागे, शेणाच्या उकिरड्याला लागून, भांग डोक्याच्या वर माजलेली. पेरं आखूड आणि पेरापेराला फांदी. तिथून शंभर पावलांवर बांजाचं रान सुरू होतं. बांज म्हणजे तिकडचा ओक, बाराही महिने हिरवा. त्याखाली सापडलेलं रोप पाहून मी थबकले. खोड पेन्सिलीएवढं, एका पेराची लांबी वीतभर, फांदी एकही नाही. पान पातळ, लुळं, पर्णिका सातऐवजी पाच. वहीत दोन वेगळे क्रमांक टाकले आणि दुसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह.

गोठ्याच्या मालकीणबाई, त्यांना सगळे आमा म्हणत, पाट्यावर भांगेच्या भाजलेल्या बियांची चटणी वाटत होत्या. (१९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा गांजा म्हणतो तो फुलोऱ्याला, नुसतं बी त्यात धरत नाही.) माझ्या हातातलं रोप पाहून म्हणाल्या, “वही है बेटी, छाया में बैठी है.”

मला हे पुस्तकातून ठाऊक होतं, हीच शरमेची गोष्ट. बांजाची पानं तांबडा प्रकाश पिऊन टाकतात आणि त्यापलीकडचा, आपल्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अतिरक्त प्रकाश खाली गळू देतात. रोपातलं फायटोक्रोम या दोहोंचं प्रमाण ओळखतं. वर कुणीतरी उभं आहे, एवढं कळलं की सूर्याची भुकेली झाडं फांद्यांचा खर्च थांबवून उंची गाठायच्या मागे लागतात. नेच्यांना सावलीत संसार करता येतो. भांगेला येत नाही, ती तिथे फक्त वाट काढत असते. आपल्या सह्याद्रीतलं खरगोल, म्हणजे ट्रेमा, हिच्याच कुळातलं. तेही दाट रानात तग धरत नाही, दरड कोसळून ऊन पडलं की मात्र पहिल्यांदा उगवतं.

लामार्कनं १७८५मध्ये ‘कॅनॅबिस इंडिका’ ही वेगळी जात मांडली, ती सोनेरा या प्रवाशाने भारतातून नेलेल्या नमुन्यांवरून. ती खरंच वेगळी की लिनियसने १७५३मध्ये नाव दिलेल्या ‘सटायव्हा’चाच एक प्रकार, हा वाद अजून मिटलेला नाही. मी त्यात पडत नाही. पण ते वाळके नमुने पॅरिसात पोचले तेव्हा ते कुठे उगवले होते, उन्हात की आडोशाला, हे त्यांच्यासोबत कितपत गेलं असेल, असं तेव्हापासून मनात येतं.

आमच्या हर्बेरियम शीटचा आकार साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटर. उन्हातली भांग तीत मावत नाही, एक फांदी छाटून घ्यावी लागते. सावलीतली अख्खी मावते, फक्त दोनदा दुमडून इंग्रजी ‘एन’सारखी. पावसात कागद रोज बदलावे लागतात, एक दिवस चुकला की बुरशी. तेव्हा चुलीजवळ कागद सुकवत बसले होते आणि आमा माझ्याकडे पाहून हसत होत्या. वाळलेल्या गवताला एवढं जपणारं माणूस त्यांनी पाहिलं नसावं.

ऑक्टोबरात फुलांसाठी परत गेले. गोठ्यामागचे नर पराग उधळून वाळून उभे होते, मादी झाडं बियांनी जड. रानात मात्र पावसाळी वाऱ्याने बांजाची मोठी फांदी मोडली होती आणि जुलैत मी मागे ठेवलेल्या रोपांवर उन्हाचा कवडसा पडत होता. खालची पेरं तशीच वीतभर, त्यांच्यावरची दोन बोटं, आणि तिथून फांद्या.

एक रोप उपटून घेतलं. शेंड्याला कोवळी मादीफुलं होती, प्रत्येकाला दोन पांढऱ्या कुक्षी. लेबलवर अधिवासाच्या रकान्यात जागा पुरेना, म्हणून मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं: “सहाव्या पेरापर्यंत सावली.”