आवाज कुठे सोडायचा?

जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये हेडफोनची पिन खुपसली की स्पीकर आपोआप बंद व्हायचा. पिन आत जाताना सॉकेटमधली धातूची पट्टी बाजूला ढकलली जायची आणि स्पीकरकडे जाणारी वाट तुटायची, इतकंच. आजच्या लॅपटॉपमध्ये सॉकेट फक्त पिन आल्याची वर्दी देतं. आवाज कुठे सोडायचा ते सॉफ्टवेअर ठरवतं. यंत्रणा बदलली, गृहीतक मात्र तेच राहिलं: एक तर हेडफोन, नाहीतर स्पीकर. म्हणजे ऐकणारा माणूस एकटा असतो, किंवा खोलीतल्या सगळ्यांचे कान सारखे असतात.

आमच्या घरात यातलं एकही खरं नाही.

आजोबांनी सवाई गंधर्व महोत्सव रात्र रात्र जागून ऐकलाय. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली तो पुण्यात सुरू केला. पुढे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यावर बंधन आलं आणि पहाटेपर्यंतच्या मैफली मागे पडल्या. आता आजोबांची मैफल माझ्या जुन्या लॅपटॉपवर होते.

वय वाढतं तशी आधी वरच्या कंपनसंख्या ऐकू येण्याची ताकद कमी होते. 'स', 'श', 'फ' पुसट होतात. त्यामुळे आजोबांना गाणं ऐकू येतं, पण बोल कळत नाहीत. त्यांना पुरेल इतका आवाज स्पीकरवर ठेवला की आजी दुसऱ्या खोलीत जाते आणि शेजारच्या फ्लॅटची बेल वाजते. हेडफोन लावले तर त्यांना छान ऐकू येतं, पण घर गप्प होतं. एखाद्या जागेवर ते मोठ्यांदा "वा!" म्हणायचे आणि आमच्याकडे बघायचे. आम्ही काहीच ऐकलेलं नसायचं. हळूहळू त्यांनी 'वा' म्हणणं सोडलं. मग ऐकणंही कमी केलं.

दोन्हीकडे एकदम आवाज सोडायचा, हे उत्तर सोपं वाटतं. ब्लूटूथ हेडफोन मी आधीच बाद केले. त्यांत आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याने सहज मागे राहतो. स्पीकरवर सम येऊन गेल्यावर कानात पुन्हा सम आली तर कोण ऐकेल? म्हणून यूएसबीला लागणारं एक छोटं साउंड कार्ड घेतलं. आजोबांचे वायरचे हेडफोन त्याला जोडले आणि लॅपटॉपच्या सॉकेटला बाहेरचे स्पीकर. लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर इथे कामाचे नाहीत: काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा खरज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, तिथपर्यंत ते उतरतच नाहीत.

लिनक्समध्ये दोन उपकरणं जोडून एकच असल्याचं भासवणारं 'कम्बाइन सिंक' नावाचं मॉड्यूल आहे. त्याचं काम वाटतं त्यापेक्षा नाजूक असतं. दोन्ही कार्डं सेकंदाला ४८,००० नमुने वाजवतो म्हणतात, पण प्रत्येकाचं घड्याळ स्वतंत्र, किंचित पुढे नाहीतर मागे. तासाभराच्या ख्यालात हा फरक साचत जातो. म्हणून ते मॉड्यूल एकाचा वेग सतत कणभर कमी-जास्त करून दुसऱ्याशी जुळवत राहतं. साथीदार गायकाला सांभाळून घेतो, तसंच काहीसं. वर दोघांचे व्हॉल्यूम वेगवेगळे ठेवता येतात, आणि मला हवं होतं ते हेच.

यात नवीन काही नाही. ही सोय बरीच वर्षं आहे. पण ती शोधावी लागते. साध्या मेनूत उपकरणांची यादी असते आणि त्यातल्या एकावरच खूण करता येते. दोन खुणा करू देणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. पण एकाच गाण्याला दोन तऱ्हेचे कान असलेली माणसं शेजारी शेजारी बसतील, हे त्या यादीच्या हिशेबातच नाही.

आजोबांचे गेलेले 'स' आणि 'श' यामुळे परत आले नाहीत. पण परवा संध्याकाळी आलाप सुरू होताच आजी म्हणाली, "पूरिया." आजोबांनी एक कान मोकळा केला. "छे, मारवा!" दोन्ही रागांचे सूर तेच, चलन वेगळं. दोघं पाऊण तास भांडत होते, आणि मधूनच दोघांच्या तोंडून एकदम "वा!" निघालं.