आधी सायरन, मग कुत्रं

रात्री कुत्रं रडलं की कोणीतरी जाणार, हा समज तिच्या आईने वर्ध्याहून भिलाईला येताना भांड्याकुंड्यांबरोबरच आणला होता. वडील पोलाद कारखान्यात लागले, सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं. शेजार छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली. पण या एका बाबतीत कोणाचं दुमत नव्हतं. पलीकडची काकू ‘कुकुर रोवत हे’ म्हणत खिडकी लावायची आणि इकडे आई दारातली एक चप्पल उलटी करून ठेवायची. एरवी उलटी चप्पल दिसली की घरात भांडणं होतात म्हणून ओरडणारी हीच आई.

सकाळी कोणी गेल्याचं कळलं की आई म्हणायची, “पाहिलंस? म्हटलं नव्हतं मी?” काहीच कळलं नाही, तर त्या दिवशी कुत्र्याचा विषय निघत नसे.

लग्नानंतर लेक सेक्टर ९च्या रुग्णालयाजवळ राहायला आली. रात्री-अपरात्री अँब्युलन्स तिकडे जायच्या आणि गल्लीतला तांबडा कुत्रा मान वर करून, डोळे मिटून सूर लावायचा. तेही सायरन घरात ऐकू येण्याआधीच. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपासचे. दूरचा बारीक आवाजही तो आधी टिपतो. म्हणजे आधी माणूस आजारी पडायचा, मग अँब्युलन्स निघायची, कुत्रं शेवटी. झोपमोड झालेल्यांच्या कानावर मात्र पहिलं कुत्रंच पडायचं.

सायरनने कान दुखतात म्हणून ते रडतं, असंही म्हणतात. पण तांबडा कधी पळाला नाही. उलट रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहायचा. सायरनचा लांब, चढता-उतरता हेल लांडग्याच्या हाकेच्या जवळ जातो, आणि हाकेला ओ द्यायची खोड कुत्र्यात उरली आहे. बुडापेस्टच्या संशोधकांनी ६८ पाळीव कुत्र्यांना लांडग्यांचं ओरडणं ऐकवलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की जनुकांनी लांडग्याला जवळच्या जातींची कुत्री, विशेषतः पाच वर्षांवरची, तसाच हेल काढून उत्तर देतात. बाकीची बहुतेक भुंकतात. हाक दुराव्यातही निघते. ऑस्ट्रियातल्या २०१३च्या अभ्यासात कळपातला एक लांडगा फिरायला बाहेर नेला की मागचे ओरडायचे. तो जिवलग सोबती किंवा म्होरक्या असेल, तर जास्तच.

परवा मागच्या क्वार्टरमधलं कुत्रं भरदुपारी रडायला लागलं, तेव्हा तिने आधी त्या घरची माणसं कुठे आहेत ते विचारलं. सगळे लग्नाला रायपूरला. कुत्रं व्हरांड्यात बांधलेलं, पाण्याचं भांडं कलंडलेलं. शेजारच्या पोराला कुंपणावरून पाठवून तिने ते भरून घेतलं. कुत्रं पाणी प्यालं आणि पुन्हा रडू लागलं. रात्री गाडी दाराशी लागेपर्यंत ते थांबलं नाही.