हिवाळ्याच्या उंबरठ्यावरील काश्मीर

आश्विन सरत आला की काश्मीरच्या खोऱ्यात एकच प्रश्न तोंडोतोंडी होतो : यंदा थंडी किती, आणि बर्फ किती? आपल्याकडे ज्येष्ठात पावसाविषयी जी उत्कंठा असते, तीच तेथे कार्तिकाच्या तोंडावर हिमवर्षावाविषयी असते. ऑक्टोबरच्या अखेरीस श्रीनगर, पांपोर आणि शोपियान या परिसरात आठ दिवस राहण्याचा योग आला. पांपोरच्या पठारावर केशराची जांभळी फुले उमलत होती, शोपियानच्या बागांत सफरचंदांच्या शेवटच्या पेट्या भरल्या जात होत्या, आणि जो तो आकाशाकडे पाहून बोलत होता. व्यापारी घराण्यांतील वाचकांना या प्रश्नाचे मर्म सहज कळेल. कारण ऋतूचा अंदाज बांधून माल भरणे हा आपल्याही व्यवसायाचा नित्याचा भाग आहे.

मैदानी प्रदेशातील आपण ‘थंडी’ आणि ‘बर्फ’ हे शब्द एकाच श्वासात उच्चारतो. खोऱ्यात मात्र हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि पुष्कळदा त्यांची उत्तरे परस्परविरुद्ध येतात. आकाश निरभ्र असले की जमिनीची ऊब रात्री वर निघून जाते आणि पारा झपाट्याने उतरतो. ढग आले की ते गोधडीसारखे काम करतात; बर्फ पडतो, पण रात्र तुलनेने उबदार राहते. २०२४ सालच्या २१ डिसेंबरला श्रीनगरात उणे ८.५ अंश तापमान नोंदले गेले. डिसेंबरमधील ती सुमारे पन्नास वर्षांतील सर्वांत थंड रात्र होती. परंतु ती आली कोरड्या हवेत. त्यानंतर आठवड्याभरातच मोठा हिमवर्षाव झाला आणि रात्रीचे तापमान वर चढले. म्हणजे ‘यंदाचा हिवाळा कडक’ असे कोणी म्हटले, तर ‘कोणत्या अर्थाने?’ असे आधी विचारले पाहिजे.

या अनिश्चिततेवर खोऱ्यातील लोकांनी एक सुंदर व्यवस्था बसविली आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, म्हणजे मोठी थंडी. पुढचे वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’, म्हणजे धाकटी. आणि शेवटचे दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’. एकूण सत्तर दिवस. बर्फ पडो वा न पडो, या तारखा हलत नाहीत. आपल्याला हे वाचून चातुर्मासाची आठवण व्हावी. पाऊस लांबला म्हणून साधू-साध्वींचा वर्षावास लांबत नाही. आभाळाचा भरवसा नाही म्हणूनच माणसाने आपला नेम पंचांगाशी बांधला, आभाळाशी नव्हे.

बर्फ किती पडेल यापेक्षा तो केव्हा पडेल हे बागायतदाराला अधिक महत्त्वाचे असते. माघातील बर्फ हे वरदान आहे. तो डोंगरावर साठून राहतो आणि उन्हाळ्यात झेलमला व तिच्या उपनद्यांना पाणी पुरवतो. सफरचंदाच्या झाडालाही वसंतात नीट फुलण्यासाठी थंडीतील दीर्घ विश्रांती लागते. परंतु तोच बर्फ झाडावर पाने आणि फळे असताना आला, तर ओल्या हिमाचा भार पानांवर तोलला जातो आणि फांद्या मोडतात. कधी खोडच मधोमध चिरते. २०१८ आणि २०१९ या लागोपाठच्या दोन वर्षांत नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात असा हिमवर्षाव होऊन बागांची मोठी हानी झाली. पीक बुडाले तर एका वर्षाचे उत्पन्न जाते. झाड मोडले तर अनेक वर्षांची गुंतवणूक जाते.

हे दुःख आजचे नाही. बाराव्या शतकात कल्हणाने रचलेल्या ‘राजतरंगिणी’त तुंजीन राजाच्या काळातील प्रसंग आहे. भाद्रपदात, शेतात भात पिकत आले असताना अकाली हिमवर्षाव झाला आणि दुष्काळ पडला. तेव्हा राजाने व राणी वाक्पुष्टेने आपला खजिना रिता करून प्रजेला अन्न पुरविले, असे कल्हण सांगतो.

मग शास्त्र काय सांगते? खोऱ्यातील बर्फ मुख्यत्वे भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांमुळे पडतो. एखादा झंझावात निघाला की काही दिवस आधी त्याची चाहूल वेधशाळेला लागते. पण संपूर्ण ऋतूत किती येतील आणि कोणत्या आठवड्यात येतील, हे ऑक्टोबरमध्ये सांगता येत नाही. त्यासाठी प्रशांत महासागराच्या तापमानाकडे पाहतात. तेथील विषुववृत्ताजवळचे पाणी थंडावले तर ‘ला निना’, तापले तर ‘एल निनो’. ला निनाच्या वर्षी उत्तर भारतात थंडी अधिक आणि एल निनोच्या वर्षी झंझावात अधिक, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. तथापि २०२३-२४ च्या हिवाळ्यात एल निनो प्रबळ असूनही डिसेंबर आणि जानेवारीचा बहुतेक काळ कोरडा गेला. गुलमर्गचे प्रसिद्ध उतार ऐन हंगामात तपकिरी दिसत होते. बर्फ आला तो जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीत. ठोकताळा अनेक वर्षांच्या सरासरीचा असतो. समोरचे एक वर्ष त्याला बांधलेले नसते.

या शास्त्राशी आपल्या पुण्याचा जवळचा संबंध आहे. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फावरूनच मान्सूनचा अंदाज बांधण्याचा प्रयत्न केला होता. पुढे खात्याचे मुख्यालय सिमल्याला गेले आणि १९२८ मध्ये तेथून पुण्याला आले. शिवाजीनगरातील त्या वास्तूला आजही पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. दीर्घ पल्ल्याच्या अंदाजांचे काम पुण्यातूनच चालते. त्या अंदाजांची भाषा लक्ष देऊन वाचावी. ‘थंडी पडेलच’ असे तेथे नसते. सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतके आणि सरासरीहून अधिक, या प्रत्येकाची शक्यता किती, एवढेच असते.

ही भाषा जैन वाचकाला परकी वाटू नये. ‘स्यात्’ हा शब्द संशयाचा नाही, मर्यादेच्या जाणिवेचा आहे : अमुक अपेक्षेने हे आहे, अमुक अपेक्षेने नाही. थोर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी तरुणपणी कलकत्त्याच्या अलीपूर वेधशाळेत काम केले होते. १९५४ साली संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिताना त्यांनी स्याद्वादाची दखल घेतली आणि सप्तभंगीतील ‘अवक्तव्य’ या भंगाचा संबंध संभाव्यतेच्या कल्पनेशी जोडला. ज्याने हवामान आणि संख्या दोन्ही हाताळल्या, त्याला आपल्या आचार्यांची विचारपद्धती जवळची वाटावी, हे अर्थपूर्ण आहे.

खोऱ्यातील गृहिणी मात्र अंदाजाची वाट पाहत बसत नाही. भाद्रपद-आश्विनातच दुधीच्या चकत्या, वांगी आणि टोमॅटो सुकवून त्यांच्या माळा ओवल्या जातात. चिनारची गळलेली पाने झाडून, जाळून आणि वेळीच पाणी शिंपडून त्यांचा कोळसा करतात. तो वेताच्या टोपलीतील मातीच्या भांड्यात, म्हणजे कांगडीत, हिवाळाभर धुमसतो. बर्फाने महामार्ग बंद पडला तरी घर चालले पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. बागायतदारांनीही वाट काढली आहे. पुलवामा जिल्ह्यातील लासीपोरा येथे नियंत्रित वातावरणाची शीतगृहे उभी राहिली आहेत. तेथे ठेवलेले सफरचंद महिनोन्महिने टिकते. सारा माल एकाच आठवड्यात, मिळेल त्या भावाने विकावा लागत नाही.

बँकेत दीर्घकाळ काढलेल्या माणसाला यात एक परिचित तत्त्व दिसते. मालाच्या तारणावर कर्ज देताना बँक पुढच्या भावाचे भाकीत करीत नाही. शंभर रुपयांच्या मालावर पंचवीस टक्के मार्जिन राखून पंचाहत्तर रुपयेच उचलू देते. मार्जिन म्हणजे आपल्या अज्ञानाची प्रामाणिकपणे मांडलेली किंमत. ‘यंदा कडाक्याची थंडी’ ही बातमी वाचून जो दुकानदार स्वेटर-रजयांचा दुप्पट माल कर्जाने भरतो, तो मार्जिन शून्य धरून चालतो. थंडी आली तर नफा, नाही आली तर फाल्गुनात गोदाम भरलेले आणि व्याज चालू. अंदाज वाचावा, पण खरेदी अशी करावी की तो चुकला तरी घराची घडी विस्कटू नये.

आणि साठा कशासाठी, हाही प्रश्न आपल्या परंपरेने विचारला आहे. टंचाईचा अंदाज घेऊन भाव चढविण्यासाठी केलेला साठा हा परिग्रह. संकटात उपयोगी पडावी म्हणून केलेली तरतूद हा विवेक. तेराव्या शतकात कच्छमधील भद्रेश्वरचे श्रेष्ठी जगडू शाह यांना गुरूंकडून येणाऱ्या दुष्काळाची सूचना मिळाली होती, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. त्यांनी धान्य साठविले आणि दुष्काळ आला तेव्हा कोठारे खुली केली. समाज आज त्यांचे नाव घेतो ते त्यांना पुढचे कळले म्हणून नव्हे. त्या धान्यावर लोक जगले म्हणून.